लाल डबा, पांढरा डबा आणि सुखीची बकरी

७ जानेवारी १९६३, सोमवार

धावजी याही बोलून बसले! आणि बोलले तेही कुठे — पूनमसिंग नायकाच्या ओट्यावर, चार माणसांत. आमच्या तांड्यात घरात बोललेलं घरातच विरतं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; त्याच्यासमोर शब्द गेला की गेला. मग बोलणाऱ्यालाही तो मागे घेता येत नाही.

"होळीपर्यंत छोरी आठ किलो भरली नाई, तं लेक न नात दोघी घेऊन जाईन उमरखेडकडे. माह्या तांड्यात म्हशी हायत, म्हशी!"

दोनदा म्हशी म्हणाले. आमच्याकडे एक बकरी आहे, हे ते जाणून आहेत.

धावजी म्हणजे सुनेचे वडील, माझे व्याही; आमच्यात 'याही' म्हणतात. छोरी म्हणजे रुपी, माझी नात, दीड वर्षाची. दिवाळीत तिला गोवर निघाला. गोवर गेला, पण पोर वाळली ती वाळलीच. नंदाचं — सुनेचं — अंगावरचं दूधही त्याच सुमारास आटलं. आठ किलोचा आकडा याहींचा नव्हे. दवाखान्याच्या सत्यशीला नर्सबाई तांड्यात आल्या होत्या, त्यांचा काटा मोडलेला, म्हणून रुपीला दोन्ही हातांवर उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "सातच्या आसपास असन. या वयात निदान आठ तरी पायजे." तोच आकडा याहींनी उचलला आणि नायकापुढे ठेवून दिला.

मी बावीस वर्षं महागावच्या कापूस बाजारात मापारी. मुलखाचा कापूस तोलला. घरची नात किती भरते ते सांगता येईना!

ती गेली तर अंगणात मी, माझी बायको सुखी आणि बकरी. तिघांनी एकमेकांची तोंडं पाहत बसायचं.

८ जानेवारी

दवाखान्यात जाऊन आलो. नर्सबाई म्हणाल्या, "गाईचं दूध रोज भेटत असन तं दुसरं काईच नको, बाबा." भेटत नाही. तांड्यातल्या दोन्ही गाई आटल्या. "मंग दुधाची भुकटी भेटते डब्यात. पानी उकळून, गार करून, त्यात. दिवसातून चारदा."

कोणता डबा?

"लय येतात दुकानात. वरच्या चित्राले भुलू नका, इतकंच सांगते."

घरी येऊन सुखीला सांगितलं. ती चुलीपुढून म्हणाली, "डब्यातलं दूध? कोनत्या ढोराचं?"

हे विचारायचं राहिलं खरं.

९ जानेवारी, बुधवार

मुलगा किसनसिंग एस.टी.त कंडक्टर आहे, यवतमाळ–उमरखेड गाडीवर. आज यवतमाळच्या औषधाच्या दुकानातून दोन डबे घेऊन उतरला. एक लाल, एक पांढरा.

लाल डब्यावर बाळ. असं बाळ मी जन्मात पाहिलं नाही — गाल इतके की डोळे त्यात बुडालेले. पांढऱ्या डब्यावर नुसती गाय. तीही ठिपक्याठिपक्यांची, आणि वशिंडच नाही! सुखीनं डबा उजेडात धरून नीट पाहिला. "हे ढोर बिमार हाय," म्हणाली.

दुपारभर तांडा लोटला डबे पाहायला. सगळ्यांच्या नजरा त्या गालांवर. संध्याकाळी पाहतो तर डब्यावरच्या बाळाच्या गालाला काजळाचं बोट!

"इतके लोक पाहून गेले त्याले," सुखी म्हणाली. "कोनाचं तरी लेकरू असन ना."

असेल.

नंदाचा कौल लाल डब्याला — चित्र पाहून. किसनसिंगचा पांढऱ्याला — दुकानदारानं सांगितलं म्हणून. सुखीचा अर्थात बकरीला. मी म्हटलं, भांडू नका. पंधरा-पंधरा दिवस एकेक पाजायचं आणि दर गुरुवारी तोलायचं. काटा निवाडा देईल. जे जिंकेल त्यावर होळी गाठायची.

'तोलायचं' म्हटल्याबरोबर सुखी उठून आत गेली.

१० जानेवारी, गुरुवार

ती का उठून गेली ते मला ठाऊक आहे. कुठे बोललो नाही, इथे लिहितो.

आमची पहिली लेक चंदरी. आठ महिन्यांची होती. मी नवा नवा मापारी. हौसेनं तिला बाजारात नेली, कापसाच्या काट्यावर ठेवली आणि वजन मोठ्यानं पुकारलं. सारा बाजार हसला. महिन्याभरात ती तापानं गेली. त्या साली ताप घरोघर होता. सुखीनं मला कधी एक शब्द विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

आज सकाळी ती आपण होऊन आली. "तोला. पन एकटी तोलायची नाई. संग नारळ ठेवा."

म्हणजे कोणाचं किती ते नजरेला कळू नये. मी मान्य केलं. नारळ आधी वेगळा तोलून घेतला — बरोबर अर्धा किलो. तेवढा वजा करीत जाईन.

आजोबांचा तराजू माळ्यावरून काढला. ते बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव विकत, त्या दिवसांतला. पितळी पारडी, रुपी ऐसपैस बसेल एवढी. बाजारातून किलोची नवी शिक्क्याची वजनं विचारून आणली होती. दारच्या निंबाला तराजू टांगला. एका पारड्यात नारळ आणि नात.

पहिलं माप टाकताना आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. दिवसाला शंभरदा म्हणतो. आज हळूच म्हटलं.

लाभ, दोन, तीन… नारळ सोडून सात किलो दोनशे.

नर्सबाईंचे हात बाजारात नोकरीला घेण्यासारखे आहेत.

११ जानेवारी

लाल डबा फोडला. आतला कागद इंग्रजीत, हिंदीत, आणखी कशाकशात. हिंदीवर भागवलं. गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलो ते असं कधीमधी कामी येतं.

मापारी माणूस माल पाहिल्याशिवाय घेत नाही. कापसाची चिमूट काढून धागा ओढून पाहतो, तशी चिमूटभर भुकटी तळहातावर घेतली. फुंकली. हुंगली — भाजलेल्या धान्यासारखा खमंग वास. जिभेवर ठेवली. ती टाळूला अशी चिकटली की संध्याकाळच्या अरदासीत, म्हणजे प्रार्थनेत, आमच्या संत सेवाभायाचं नाव तोंडातून निघेना. मागे उभे असलेले लोक समजले, देवसिंगला गहिवर आला.

रुपीनं मात्र वाटी चाटून पुसून घेतली.

१५ जानेवारी, मंगळवार

माझा देवीचा उपास. उपासाला दूध चालतं. मग दुधाची भुकटी? याडीपुढे, देवीपुढे, बसून विचारलं. ती काही बोलली नाही. एक चमचा घेतला. तरीही ती काही बोलली नाही. म्हणून दुसरा.

१७ जानेवारी, गुरुवार

सात दोनशे. जिथल्या तिथे!

नंदाचं तोंड उतरलं. सुखी बकरीला पाला टाकता टाकता गाणं गुणगुणत होती. तिला मी वर्षा-दोन वर्षांत गाताना ऐकलं नव्हतं.

१९ जानेवारी

नर्सबाई आल्या. चालत येतात, उन्हातान्हात, छत्री घेऊन. सुखीनं त्यांना आधी डब्यांची जागा दाखवली — देवळीत, हळदकुंकू लावून ठेवले आहेत. "तुमीबी लावा," म्हणाली. बाईंचे वडील छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेले होते; त्या घरचे आता हे करीत नाहीत. बाई हसून म्हणाल्या, "आमच्यात नाई लावत, आजी. तुमी लावलं त्यातच माह्यं आलं." सुखीला ते पटलं.

मग लाल डबा हातात घेतला आणि त्यांचं हसू गेलं. "हे कशात देऊन राह्यले, बाबा?"

"पान्यात. उकळून, गार करून. तुमी सांगतलं तसं."

"अवो, पान्यात पांढरा डबा! हे दूध नाई. हे दुधात घालाचं असते. पान्यात घातलं तं नुसतं गोड पानी! यात निम्मं तं धान्य हाय — जव, गहू."

आठ दिवस पोरीला सरबत पाजलं आम्ही. त्या कागदावर 'दूध में' असं छापलेलं होतं म्हणे. ते मी 'दूध' एवढंच वाचलं.

आणि जव, गहू! म्हणजे मंगळवारी माझा उपास मोडला. दोनदा.

२० जानेवारी

लाल भुकटीत घालायला बकरीचं दूध मागितलं. सुखीनं ठाम नकार दिला. "माह्या बकरीची पाळी आली का मंग पाहू. आत्ता तिच्या दुधावर त्या डब्याचं नाव कायले करू?"

नायकाच्या घरून पावशेर म्हशीचं आणलं. पूनमसिंग नायक दूध देताना म्हणाला, "देवसिंगभाऊ, हे तं याहीच्याच बाजूनं झालं. म्हैसच जिंकली!"

२४ जानेवारी, गुरुवार

सात शंभर. कमी!

दुधात घालूनही कमी. नंदा पदर तोंडाला लावून घरात पळाली. लाल डबा बाद. त्याला देवळीतून काढून माळ्यावर ठेवला. सुखीनं बाळावरचं काजळ पुसलं नाही. "त्याचा काय दोष?"

आजपासून पांढरा.

२८ जानेवारी

किसनसिंग सांगत होता — गाडी उमरखेडला लागली की धावजी याही स्टँडवर उभेच. तिकीट काढायचं नाही, कुठे जायचं नाही. खिडकीशी येऊन एवढंच विचारतात, "किती?" आकडा ऐकतात आणि वळून चालू लागतात.

दिवस मोजून राहिले आहेत! कसायानं बोकड चाचपावा तसं. माणसानं इतकं तरी उतावीळ होऊ नये.

३१ जानेवारी, गुरुवार

सात दोनशे पन्नास. ठिपक्यांची गाय कामाला लागली. किसनसिंगनं बिल्ला लावलेला गणवेश घालूनच वजन पाहिलं. जसं काही त्यानंच दूध दिलं.

पांढऱ्या भुकटीच्या गुठळ्या होतात. नंदा त्या बोटानं फोडते. रुपीला गुठळीच आवडते. वाटीतलं दूध सांडते आणि गुठळी चघळत बसते.

७ फेब्रुवारी, गुरुवार

आज जे झालं ते लिहिताना अजून हसू येतं. हसू नये, पण येतं.

सात किलो नऊशे! आठवड्यात साडेसहाशे! किसनसिंग टाळ्या पिटतो आहे, शेजारची वच्छलाबाई "बाई बाई" करते आहे. मी पन्नासाचं वजन बोटांत धरून पाहतो — आणि माझ्या डोळ्यांसमोर पारडं हळूहळू वर जाऊ लागलं. कोणी हात लावलेला नाही. वारा नाही. मी खाली वाकलो. पारड्याच्या कडेवरून धार!

रुपी पारड्यातच मोकळी होत होती. होतच होती.

गाडीवर पाणी मारून आणलेला कापूस मी नुसता हुंगून ओळखतो. त्यावरून किती जणांशी हुज्जत घातली असेल. आणि माझ्या दारात, माझ्या काट्यावर, माझीच नात ओली करून आणली!

"नंदे, किती पाजलं?"

"दोन वाट्या पानी, मामाजी." मग खाली पाहून, "न एक ताकाची."

रुपीला उचलली तर काहीतरी खणखणलं. आंगड्याखाली कमरेला करदोट्यात चांदीचे वाळे बांधलेले. एक नव्हे, तीन जोड! एक वच्छलाबाईचा होता. तरीच बाई इतक्या मोठ्यानं नवल करीत होती.

रागवायला तोंड उघडलं. नंदा म्हणाली, "मले नाई जायचं इथून, मामाजी."

वाळे सोडून बाजूला ठेवले.

पुन्हा तोलली, कोरडी करून. सात साडेतीनशे.

८ फेब्रुवारी

बकरीची पाळी. सुखीनं बकरीच्या शिंगांना गेरू लावला आहे. मिरवणूक तेवढी बाकी.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सात सातशे. बकरी!

मी पाणी तपासलं, कंबर तपासली, मुठीसुद्धा उघडून पाहिल्या. काही नाही. सुखी बाजूला उभी, हाताची घडी घालून. विजयी माणसाला बोलावं लागत नाही.

२१ फेब्रुवारी, गुरुवार

आठ किलो. बरोब्बर आठ!

सुखीनं तांडाभर गूळ वाटला. नंदा हसली — दिवाळीनंतर पहिल्यांदा. मीही कपाळाला हात लावून सेवाभायाला नमस्कार केला आणि नारळ परत ठेवायला उचलला.

उचलला आणि थबकलो. बावीस वर्षांचा हात आहे. हलवला — आत पाणी डुचमळलं. पहिल्या गुरुवारचा नारळ इतका जड नव्हता. वजन केलं: आठशे!

देवळीमागे हात घातला. तिथे दुसरा निघाला, सुकलेला, खडखडणारा. तोलला: साडेतीनशे.

सगळं ध्यानात आलं. लाल डब्याला सुका नारळ. पांढऱ्यालाही सुका. बकरीला पाण्याचा! आणि मी खुळा, दर वेळी अर्धा किलो वजा करतो आहे. दुसऱ्यांच्या गोणीतले दगड शोधण्यात जन्म गेला. माझ्या काट्यावर बायको नारळ फिरवत होती, आणि मी 'लाभ' म्हणत होतो.

"सुखे, हे काय?"

"नजरेले चकवाले ठेवलं."

"कोनाची नजर?"

"तुमची."

आज खरे सात सातशे. लाल डब्यावर पोर घटली नव्हतीच, उलट थोडी वाढली होती. त्या काजळ लावलेल्या बाळावर आम्ही उगाच ठपका ठेवला.

२२ फेब्रुवारी

सगळ्यांना अंगणात बसवलं. म्हटलं, आता खरं ते सांगा.

जे बाहेर पडलं ते असं. सुखी पहिल्या दिवसापासून सकाळी सकाळी सगळ्यांच्या आधी बकरीचं दूध पाजते आहे — पाळी कोणाचीही असो. नंदानं पांढऱ्या डब्याच्या पंधरवड्यात माळ्यावरचा लाल डबा उतरवला होता. किसनसिंग बकरीच्या पंधरवड्यात गाडीवरून आला की पांढरी भुकटी कालवून देत होता, गोठ्यामागे बसून. वच्छलाबाई भाताची पेज घालते. कोणी विचारलं नव्हतं तिला.

मग सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी दिवेलागणीच्या आधी रुपीला मांडीवर घेतो, तेव्हा चिमूटभर कोरडी भुकटी तिच्या तोंडात टाकतो. एक तिच्या, एक माझ्या. मग दोघांनाही बोलता येत नाही. तेही सांगून टाकलं.

२३ फेब्रुवारी

नर्सबाईंना जाऊन सगळी हकिगत सांगितली. त्या हसता हसता बाकावर बसल्या.

"बाबा, म्हनून तं वाढून राह्यली ना पोर! दिवसातून सात-आठ येळा पोटात जाऊन राह्यलं तिच्या."

"पन जिंकलं कोन? कोनता डबा घेऊ आता?"

"पांढरा घ्या, सोपा हाय. बकरीचंबी द्या, उकळून. लाल उरला असन तं दुधात घाला, टाकू नका. न एक काम करा."

"कोनतं?"

"घरातलं भांडन मिटवू नका."

२८ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी तराजू टांगला. नारळ शोधू लागलो. सुखी म्हणाली, "राहू द्या नारळ." आणि रुपीला तिनं स्वतःच्या हातानं पारड्यात ठेवली. एकटी.

सात आठशे.

आकडा मी हळू सांगितला. तिच्या एकटीच्या कानात.

४ मार्च

रुपीचं पोट बिघडलं. कालपासून. जे आत जातं ते बाहेर. नर्सबाई उन्हात दोनदा आल्या. मीठ-साखरेचं पाणी, तांदळाची पेज, दुसरं काही नको म्हणाल्या. बकरी ओरडली तरी सुखी उठत नाही.

सेवाभाया, डबा कोणताही जिंकू दे. मला काटा नको, निवाडा नको.

५ मार्च

उतार आहे. दुपारी रुपीनं वाटीकडे हात केला. मग वाटीच डोक्यावर घातली.

७ मार्च, गुरुवार

सात आठशे पन्नास. पोट बिघडलं नसतं तर आठ कधीच ओलांडले असते.

धावजी याही उद्या येतात. परवा सकाळी नायकासमोर तोलायचं ठरलं. दीडशे ग्रॅम कमी! बाजारात दीडशे ग्रॅमला कोणी वळून पाहत नाही. एवढा कापूस तर गाडीवरून वाऱ्यानंच उडतो.

नंदानं गाठोडं बांधायला घेतलं. सुखीनं ते सोडलं. तिनं पुन्हा बांधलं.

९ मार्च, शनिवार

आठ!

निंबाखाली सगळा तांडा. पूनमसिंग नायक बाजेवर, धोतर सावरून. धावजी याहींनी आल्याबरोबर तराजू हलवून पाहिला, वजनांवरचे शिक्के पाहिले, रुपीची कंबर चाचपली, वाळे नाहीत याची खात्री केली. "नारळ कुठी हाय?" असंही विचारलं. म्हणजे किसनसिंगनं गाडीच्या खिडकीतून तेही सांगितलं होतं! मग रुपी रडू लागली म्हणून ते पारड्यापाशी उकिडवे बसून तिला खुळखुळा वाजवून दाखवू लागले.

मी वजनं टाकली. लाभ… दोन… तीन… आठवं टाकलं. दांडी हलली. थांबली. रुपीचं पारडं धपकन खाली.

बाजारात पुकारतो तसा पुकारलो — "आठ!"

नायक उठून म्हणाला, "शब्द सुटला." याहींनी पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं. हरलेल्या माणसानं दुसरं काय करायचं? मी त्यांना आग्रह करून होळीला ठेवून घेतलं.

१० मार्च, रविवार. होळी

कोणाला सांगणार? इथेच.

अंगठा लावला मी. डाव्या हाताचा, साखळीवर, रुपीच्या बाजूनं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. सावकारांनी सांगितलं तेव्हा लावला नाही, व्यापाऱ्यांनी धमकावलं तेव्हा लावला नाही. ओल्या कापसाच्या आणि सुक्या नारळाच्या नावानं घरच्यांना इतका बोललो, आणि शेवटी चोर निघालो तो मीच. सकाळी सेवाभायापुढे बसलो. माफी मागायची होती. मागताना लक्षात आलं की पुन्हा वेळ आली तर पुन्हा लावीन. मग कोणत्या तोंडानं मागायची? नुसता बसून उठलो.

एक मात्र कळत नाही. माझा अंगठा दीडशे ग्रॅमचा होता. तेवढंच मोजून दाबलं होतं, हात ओळखतो मी माझा. दांडी जेमतेम सरळ व्हायला हवी होती. मग पारडं इतकं धपकन कसं गेलं?

पाप जड असतं म्हणतात. पण इतकं?

१२ मार्च, मंगळवार

धावजी याहींना किसनसिंगच्या गाडीत बसवून आलो. गाडी हलली तशी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "याही, अंगठा लय भेकड तुमचा! मी खालून पारड्याची कड वढली नसती, तं छोरी न्या लागली असती ना मले!"